सैल सोडलेला दोर

वॉशिंग्टन, १९ मार्च १८८१

ती. हल्डाताईस,
धाकट्या ओरिनचा सा. न. वि. वि.

टपालाची थैली तूच उघडतेस, तेव्हा पाकिटावरचा शिक्का पाहून मी बाल्टिमोर सोडल्याचं तुला पत्र फोडण्याआधीच कळलं असेल. शिंपले फोडून हातांची सालटं निघाली होती, आणि मुकादमाचं तोंडही सोसत नव्हतं. रागावू नकोस. आधी ऍक्रनला पिंपं, मग सरोवरावरची बोट, मग शिंपले, आता हे. असं तू आईपुढे वाचून दाखवशीलच. इथे नदीकाठी मॅक्नल्टी नावाच्या आयरिश माणसाची बर्फाची वखार आहे. उत्तरेच्या मेनहून गलबतांनी लाद्या येतात, त्या भुशातून उपसून गाडीवर चढवायच्या. पहाटे सुरू करून दहाला मोकळा. पुढचा वेळ आईच्या कामाला.

पोस्ट तुझ्याकडेच राहावं म्हणून आईने सांगितलेला आणि तू लिहिलेला अध्यक्षांच्या नावचा अर्ज मिळाला. कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलाय. वाचताना हसू आलं आणि नंतर नाही आलं. तू पोटात होतीस, नावेवरच आईला कळा सुरू झाल्या, कालव्यावर धुकं होतं, समोरून दुसरी नाव आली. नियमाने थांबायचं खरं बाबांनी होतं. पण काठावरून ती नाव ओढणाऱ्या खेचरांमागे चालणाऱ्या पोराने आईचं ओरडणं ऐकलं, आपली खेचरं थांबवली आणि दोर पाण्यात सैल सोडला. बाबांची नाव त्या दोरावरून सरकत लॉकच्या, पाणी अडवणाऱ्या दाराशी पोचली, आणि लॉकवाल्याच्या चुलीपाशी तू जन्मलीस. ते पोरगं म्हणजे जेम्स गारफील्ड, आणि आता तो या देशाचा अध्यक्ष. एकदा आमच्यासाठी दोर सोडलात, आता पोस्टासाठी सोडा. आईसारखं कुणाला मागता येणार नाही.

अध्यक्षांच्या घरी सकाळी कुणालाही जाता येतं. खरंच. दारातून आत, जिन्यापर्यंत. जिन्यावर मात्र माणसांची अशी दाटी की लॉकमध्ये एकदम तीन नावा घुसल्यासारखं. प्रत्येकाच्या हातात कागद, प्रत्येकाने निवडणुकीत मतं आणलेली. मी काही आणलं नाही, पण मी कालव्याचा आहे. उद्या परत जातो.

आईला सांग, मी जेवतो. माया आहे तशी राहू दे.
तुझा,
ओरिन

—

पिकेट लॉक, ओहायो, १० एप्रिल १८८१

चि. ओरिन यास,
हल्डाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मग तिने शेजारच्या मिसेस डूलीला तोंडपाठ म्हणून दाखवलं, त्यात तू अध्यक्षांच्या जिन्यावर उभा नसून त्यांच्या टेबलाशी बसलास.

इकडे लायमन हॉइट दुकान नोकरावर टाकून घोडागाडीतून शेताशेतांवर पोस्ट स्वतःला मिळावं म्हणून सह्या गोळा करत हिंडतोय. आमच्या दाराशीही आला. टोपी काढून म्हणाला, हल्डा, तुझ्याशी माझं वाकडं नाही, पण पक्षासाठी मी वर्षभर घसा कोरडा केला, आणि नवा अध्यक्ष आला की पोस्टं बदलतात हा काही मी काढलेला कायदा नाही. मी म्हटलं, बाबांचा हात युद्धात गेला तो कोणत्या पक्षासाठी गेला ते जरा विचारून ये. त्यावर त्याने टपाल तिकिटं विकत घेतली आणि गेला. मग मलाच वाईट वाटलं, कारण माणूस तसा वाईट नाही.

पोस्ट गेलं तर आपण राहतो त्या मागच्या दोन खोल्याही जातील हे आईला अजून नीट उमगलेलं नाही. तिला वाटतं खोल्या आपल्याच. मला त्या खोल्यांचं तेवढं नाही रे. तू पायाला चाकं लावून जन्मलास. एक वर्ष एका गावात राहिला नाहीस. तरी तुझं प्रत्येक पत्र पोचतं, कारण वर नुसतं ‘हल्डा, पिकेट लॉक’ लिहिलेलं असतं आणि थैली मीच उघडते. ही खिडकी माझ्या हातून गेली तर तुला कोणत्या गावी शोधायचं आणि तू आम्हाला कुठे, हे मला कळत नाही. आईपुढे हे वाचत नाही.

पहाटे बर्फात हात घालतोस तर हातमोजे घाल. आठवण ठेव, उत्तर आळस न करता दे.
तुझी ताई,
हल्डा

—

वॉशिंग्टन, २२ मे १८८१

ती. हल्डाताईस,
ओरिनचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईपुढे वाचण्याआधी स्वतः वाच.

मी इतके दिवस चुकीच्या रांगेत उभा होतो. जिन्यापाशी बसणारा दारवान आता मला ओळखतो, बर्फवाला म्हणतो. त्याने परवा विचारलं, तुझं काम तरी काय आहे? मी पिकेट लॉकचं नाव घेतलं. तो हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. म्हणाला, पोरा, एवढ्याशा पोस्टासाठी अध्यक्षांना कुणी विचारतसुद्धा नाही. ते टपालखात्यात एक कारकून ठरवतो, आणि तो तुमच्या भागातल्या प्रतिनिधीला विचारतो. मी खात्यात गेलो. कारकुनाने नकाशात गाव शोधलं, सापडलं नाही, मग वहीत सापडलं. प्रतिनिधींची शिफारस आलेली आहे म्हणाला. कुणाची हे तुला सांगायला नको. वर म्हणाला, हे आता फक्त वरूनच अडेल. वरून म्हणजे कोण विचारलं तर त्याने बोटाने छत दाखवलं.

तेव्हा फिरून त्याच जिन्यावर. दुसरं कुठे जाणार?

गंमत बघ ताई. जिन्यावरचे लोकच सांगतात, या माणसाने अध्यक्षपद मागितलंच नव्हतं. पक्षाच्या सभेत दुसऱ्याच्या नावाने भाषण करायला उभा राहिला, आणि लोकांनी याच्याच गळ्यात माळ घातली. बाप लहानपणी गेला, लाकडी खोपटात वाढला, खेचरं हाकली, मग शिकला, मास्तर झाला, सेनापती झाला. न मागता एवढं मिळालेला माणूस वर बसलाय आणि खाली आम्ही सगळे मागणारे. एकदा लांबून पाहिला. दाढी, रुंद खांदे. कालव्यावरच्या माणसासारखा चालतो, जरा पुढे वाकून, दोर खांद्यावर असल्यासारखा. मला तर खूण पटली.

दारवान म्हणतो, जुलैच्या सुरुवातीला साहेब आपल्या जुन्या कॉलेजात जाणार आहेत, परत आले की स्वभावाने मोकळे असतील, तेव्हा तुला पुढे सरकवतो. तोवर थांबतो. थांबणं मला जमत नाही हे तू जाणतेस.

मर्जी कमी होऊ देऊ नकोस.
ओरिन

—

पिकेट लॉक, १२ जून १८८१

चि. ओरिन यास,
हल्डाचे अ. उ. आ.

आईला सांगितलं की अध्यक्ष प्रवासाला जाणार म्हणून भेट जुलैवर गेली. खोटं नाही आणि पुरतं खरंही नाही.

आता तुला एक सांगते, कारण तिथे कुणी उलट विचारलं तर तोंडघशी पडशील. हॉइटच्या दुकानातली जुनी वर्तमानपत्रं मी वाण्याच्या पुड्यांवरून सोडवून वाचली. गारफील्ड कालव्यावर होता ते साल अठ्ठेचाळीस, आणि तेही दीड-दोन महिनेच. पाण्यात सतत पडायचा, ताप भरला, घरी गेला आणि शाळेत बसला, तो परत आलाच नाही. मी जन्मले पन्नास साली. तेव्हा बाबांसाठी कुणी दोर सोडला असेल तर तो दुसरा कुणी पोरगा. मी आईला हळूच म्हटलं, तर ती म्हणाली, मग तू अठ्ठेचाळीस सालची असशील, मला का ठाऊक नसणार, जन्म मी दिला. अर्जासाठी तिने मला एका बैठकीत दोन वर्षांनी म्हातारी केली. मिसेस डूलीनेही लगेच माझ्या केसांकडे बघितलं.

बाबाही शेवटपर्यंत तेच सांगत होते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. दोर सोडणारा पोरगा पुढे एवढा मोठा झाला, हे हात गेलेल्या माणसाला बरं वाटत असेल.

अर्ज द्यायचा की नाही ते तू ठरव. मी तो लिहिला तेव्हा मला साल माहीत नव्हतं, एवढंच. माहीत असतं तरी लिहिला असता का, हे मी स्वतःला विचारत नाही.

कालव्याला पाणी कमी आहे, नावा रुतून बसतात. तुझा जुना सदरा आईने उसवून माझी तिकिटांची पेटी झाकायला घेतला. सुखरूप अस, आणि आहेस तिथून कळवत जा.
हल्डा

—

वॉशिंग्टन, ५ जुलै १८८१

ती. हल्डाताईस,
ओरिनचा सा. न. वि. वि.

तुला तारेनेच कळलं असेल. शनिवारी सकाळी स्टेशनावर त्यांना गोळ्या घातल्या. कॉलेजातल्या समारंभाला निघाले होते. गोळ्या घालणारा नोकरी मागायला आलेला माणूस होता, ताई. आमच्यातलाच. कदाचित त्याच जिन्यावर माझ्या मागेपुढे उभा असेल, मी आठवायचा प्रयत्न करतो आणि सगळ्यांचे चेहरे एक होतात.

मी ज्या घरी राहतो त्या मिसेस क्विगने त्याच संध्याकाळी अर्ज घेऊन आलेल्या सगळ्या भाडेकरूंच्या पेट्या रस्त्यावर ठेवल्या. एक आयोवाचा म्हातारा रडत होता की मला फक्त दीपगृहावरची नोकरी हवी होती. मला ठेवलं, कारण तिला वाटतं मी बर्फवाला आहे. मी तसंच वाटू दिलं. वखारीत सगळे म्हणतात, कागद घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येकाला पोटोमॅकमध्ये बुडवलं पाहिजे. मॅक्नल्टीने मला विचारलं, तुझं काय मत? मी म्हटलं, बुडवलं पाहिजे.

अर्ज अस्तरातच आहे. टाके उसवायलाही भीती वाटते.

ते अजून जिवंत आहेत. गोळी आत कुठेतरी आहे आणि डॉक्टरांना सापडत नाही. उकाडा असा की घोडे रस्त्यात बसतात. उद्यापासून वखारीतून अध्यक्षांच्या घरी बर्फ जाणार आहे, आणि मॅक्नल्टीने त्या गाडीवर मला घातलंय.

काळजी करू नका असं लिहिणार होतो.
ओरिन

—

पिकेट लॉक, २४ जुलै १८८१

चि. ओरिन यास,
हल्डाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. तू तिथे कशासाठी गेलास हे इथे कुणी काढत नाही. मिसेस डूलीला सगळं ठाऊक आहे आणि तीही गप्प आहे. तिच्या जन्मात पहिल्यांदाच.

रोज आगगाडीच्या स्टेशनावर तार येते, मी उतरवून आणते आणि पोस्टाच्या दारावर खिळ्याने लावते. नाडी किती, ताप किती, रात्री झोप लागली का. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचते. शेतावरचे, नावांवरचे, लॉकचे, सगळे पायरीशी उभे असतात. ताप उतरला तर आपल्याच घरातला उतरल्यासारखे एकमेकांना हात लावतात. काल वाचताना मी मध्येच थांबले, तर मागून कुणीतरी म्हणालं, वाच हल्डा, वाच. तो हॉइट होता. डोळे पुसत होता.

वाचून झाल्यावर तोच माझ्याशी बोलला. म्हणाला, मी प्रतिनिधींना लिहिलंय की आता घाई नको, हे सगळं आटोपू दे. आटोपू दे म्हणाला आणि त्यालाच तो शब्द लागला.

आई रोज प्रार्थना करते. तिच्या प्रार्थनेत पोस्ट येत नाही आता. फक्त तो पोरगा येतो, खेचरांमागचा. ती त्याला सोळा वर्षांचाच धरून चाललीय.

बर्फ नीट पोचव रे. एवढंच आता आपल्या हातात आहे.
हल्डा

—

वॉशिंग्टन, २१ ऑगस्ट १८८१

ती. हल्डाताईस,
ओरिनचा सा. न. वि. वि.

ज्या घरात मला मार्चपासून जिन्याच्या वर जाता आलं नाही, त्या घरात मी आता रोज जातो. मागच्या दाराने. तळघरात एक यंत्र बसवलंय. बर्फाच्या पाण्याने भिजलेली फडकी, त्यावरून पंखा हवा ढकलतो, आणि पत्र्याच्या नळीतून ती हवा वर त्यांच्या खोलीत जाते. खाली आम्ही घामाने आणि बर्फाने एकदम भिजतो. गाड्यांवर गाड्या ओततो आणि ते यंत्र पुरे म्हणत नाही. वर जखमेला पू होतोय. जेवण जात नाही. केवढा माणूस होता आणि आता एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायला उशीसारखा उचलतात म्हणे.

गेल्या बुधवारी काय झालं ते सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाचे बारीक तुकडे वर हवे होते, नेहमीचा माणूस नव्हता, बादली माझ्या हातात दिली. जिना चढलो. तोच जिना, ताई, आणि त्यावर एकही माणूस नाही. वर दाराशी एक म्हातारा नोकर बसलेला. त्याने बादली घेतली, मला विचारलं कुठला. ओहायो म्हटलं, कालव्याचा. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, जागे आहेत, आणि बरं वाटतं तेव्हा त्या दिवसांचं बोलतात. तुझा काही निरोप असेल तर सांग, मी कानात घालतो. त्यांना आवडेल.

अस्तर माझ्या छातीशीच होतं. एक टाका ओढायचा अवकाश. तू, आई, त्या खोल्या, सगळं त्या एका वाक्यात बसलं असतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आतून वास येत होता, आणि दाराच्या फटीतून एक पाय दिसला, चादरीखाली काठीसारखा. मागणाऱ्यानेच त्यांना तिथे निजवलं होतं. मी बाबांचं नाव घेऊन त्या नोकराला म्हटलं, “सांगा, तुम्ही दोर सोडलात, आणि एझ्रा बीचमची नाव पोचली.”

तुझं साल मला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

तो आत गेला, मी थांबलो. बाहेर येऊन म्हणाला, डोळा लागला, उठवलं नाही, पुन्हा कधीतरी सांगीन. मी रिकामी बादली घेऊन खाली आलो. त्यानंतर मला वर पाठवलेलं नाही.

मी चुकलो असेन तर तसं लिही. आईला काय सांगायचं ते तू ठरव.
ओरिन

—

पिकेट लॉक, ४ सप्टेंबर १८८१

चि. ओरिन यास,
हल्डाचे अ. उ. आ.

आईला मी इतकंच वाचून दाखवलं की तू वर गेलास आणि नावेचा निरोप दिलास. पुढचं ती स्वतःच सांगते. तिच्या सांगण्यात ते जागे होतात, तुला जवळ बसवतात आणि माझी चौकशी करतात. ती मुलगी आता केवढी आहे, असं विचारतात. मी अडवत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. मला राग आला. दोन दिवस तुझं पत्र खिडकीखाली पालथं घालून ठेवलं. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्यासाठी तोंड उघडायला हवं होतं असं वाटलं. मग विचार केला की त्या दाराशी मी असते तर काय बोलले असते. मीही नसतं मागितलं. राग मात्र त्यामुळे गेला असं नाही, खोटं कशाला लिहू?

अजून कसला आदेश आलेला नाही. थैली उघडताना दररोज हात जरा थबकतो. तार म्हणते, त्यांना समुद्रकाठी हलवणार आहेत. लोक म्हणतात, हवापालटाने उतार पडेल. पायरीशी उभी असलेली माणसं हल्ली वाचून झालं की लगेच पांगत नाहीत.

तू त्या कामावर टिकलास याचा मला अभिमान आहे. हे यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. खुशाली कळवत राहा.
हल्डा

—

वॉशिंग्टन, २९ सप्टेंबर १८८१

ती. हल्डाताईस,
ओरिनचा सा. न. वि. वि.

सगळं संपलं ते तुला माहीत आहेच. त्यांना समुद्रावर नेलं त्या दिवसापासून आमचं यंत्र बंद. मी तळघर झाडायला गेलो होतो. भुसा, ओली फडकी आणि पत्र्याची नळी, वर कुठेच न जाणारी. गेल्या आठवड्यात ते पेटीतून परत आले, संसदेच्या घुमटाखाली ठेवलं होतं, लोक रांगेने जात होते. मी रांगेत नाही उभा राहिलो. मला रांग सोसत नाही आता.

मॅक्नल्टीने उन्हाळ्यापुरती घेतलेली माणसं काढली, त्यात मी. म्हणाला, पुढच्या उकाड्यात ये. मी पुढच्या उकाड्यापर्यंत काय करू? वखारीतले दोघे कोलोरॅडोकडे निघालेत, डोंगरात आगगाडीचे रूळ टाकतात तिकडे. संध्याकाळच्या गाडीने त्यांच्याबरोबर जातो. या गावात मला झोप येत नाही. रागावशील, पण निघालो.

अर्ज काल उसवून काढला. महिनोन्‌महिने ओला राहून त्याचा लगदा झाला होता, एक शब्द लागत नव्हता. नदीत टाकला.

तिकडचा पत्ता मलाच माहीत नाही. टोळी जिथे जाईल तिथे तंबू. पण तू त्या खिडकीशी आहेस तोवर मला पत्त्याची काळजी नाही. टेकलो की लिहीन, नेहमीसारखं ‘हल्डा, पिकेट लॉक’. आईला म्हणावं, मोजे घेतलेत.

आहे तो जिव्हाळा राखून ठेव.
ओरिन

—

पिकेट लॉक, ६ मार्च १८८२

रा. रा. ओरिन बीचम यांस,
लायमन हॉइटचा स. न. वि. वि.

तुम्ही फेब्रुवारीत तुमच्या बहिणीच्या नावे पाठवलेलं पत्र मला मिळालं. इथलं पोस्ट ऑक्टोबरपासून माझ्याकडे आहे. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं असं पाकिटावरून दिसलं, म्हणून हे लिहिणं आलं. थंडीने पायाची बोटं गेल्याचं मागच्या बाजूला लिहिलंत ते नजरेस पडलं, क्षमा असावी. फार वाईट वाटलं.

तुमचं सप्टेंबर अखेरचं पत्र तुमच्या बहीणबाई गाव सोडून गेल्यानंतर आलं. ते मी ऍक्रनला त्यांच्या नात्यातल्या बाईंकडे पाठवलं, आणि त्यांना मिळालं. म्हणजे तुम्ही पत्ता न ठेवता गेलात हे त्यांना कळलं. फेब्रुवारीचं पत्रही तिकडेच पाठवलं, ते परत आलं. मी स्वतः जाऊन विचारलं. बाईंचं म्हणणं, हल्डा रोज ऍक्रनच्या पोस्टाच्या खिडकीशी उभी राहायची. नाताळनंतर घरात जागा उरली नाही, तेव्हा नव्या वर्षात आईला घेऊन पश्चिमेच्या गाडीत बसली. तिकीट कुठलं काढलं ते बाईंनी विचारलं नाही. कुणी टोलेडो म्हणतं, कुणी शिकागो. तुम्ही पश्चिमेला गेलात एवढंच तुमच्या बहिणीला ठाऊक होतं. मला त्यांनी कळवलेलं नाही. मला का कळवावं?

त्यांनी जाण्यापूर्वी तुम्हाला वॉशिंग्टनला लिहिलेलं पत्र, तुम्ही तिथे नसल्यामुळे, बेवारस टपालाच्या कचेरीतून फिरून हिवाळ्यात इथे आलं. सोबत जोडतो. ते तुमचं आहे.

त्यांच्याकडून काही आलं तर त्याच दिवशी तुम्हाला पाठवीन. मी दर थैली स्वतः बघतो. चूकभूल मनात ठेवू नये.
आपला,
लायमन हॉइट

—

पिकेट लॉक, २८ सप्टेंबर १८८१

चि. ओरिन यास,
हल्डाचे अ. उ. आ.

आदेश शनिवारी आला. थैली उघडली, तो वरच होता. तोही इतर पत्रांसारखा खणात लावायचा की काय असा वेडा विचार आला. परवा, महिनाअखेरीला, किल्ल्या हॉइटकडे द्यायच्या. तो सकाळी आला होता. म्हणाला, मी घाई नको असं लिहिलं होतं गं. त्याने लिहिलं असणार, मला शंका नाही. वरच्यांनी वाचलं नसणार.

मृत्यूची तार आली त्या दिवशी दाराला लावायला काळं कापड नव्हतं. ते हॉइटनेच दिलं, गिऱ्हाइकाला मोजतो तसं हाताने मोजून, आणि पैसे नको म्हणाला. ते कापड अजून दारावर आहे. त्याच दारातून मी किल्ल्या देऊन निघणार.

सोमवारी क्लीव्हलंडला त्यांना पुरलं. त्या वेळेला देवळाची घंटा झाली आणि कालव्यावरच्या सगळ्या नावा जिथे होत्या तिथे थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी खेचरं उभी केली आणि दोर पाण्यात सैल सोडले, वरच्या वळणापासून लॉकच्या दारापर्यंत. आईला मी पायरीवर बसवलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, “सगळ्यांनीच सोडलाय गं. मग जातंय कोण?” घंटा थांबली, आणि मग दोर उचलले.

आईला आता खोल्यांचं कळलंय. रडली नाही. ट्रंकेत बाबांची टोपी सगळ्यांत वर ठेवली.

आम्ही ऍक्रनला आईच्या मावसबहिणीकडे जातो. पत्ता असा: मिसेस फीबी टटल, फर्नेस रस्ता, चक्कीच्या मागे, ऍक्रन. नाताळपर्यंत तिथे आहोत. त्यापुढे तिची लेक बाळंतपणाला येणार, जागा नसेल. तोवर तुझं उत्तर आलं की तू असशील त्या गावी आम्ही दोघी येऊ. मी शिवण करीन, आई तुला जेवायला वाढील, तू कामं बदल, गाव मात्र बदलू नकोस. ट्रंक उघडायचीच नाही असं आईने ठरवलंय, परत भरायला नको म्हणून.

हा पिकेट लॉकचा शिक्का माझ्या हातचा शेवटचा. पत्र मिळेल त्या दिवशीच लिही, एक ओळ पुरे. आणि वर पत्ता पुरता घाल. आता नुसतं ‘हल्डा, पिकेट लॉक’ लिहून भागायचं नाही.

वाट बघते.
तुझी ताई,
हल्डा